उंबराची खाकी चिंधी

शिकारगाहातली ती बंदुकीची गोष्ट मला आज बी जशीच्या तशी आठवती. सांगायला बसले की आधी दम लागतो, कारण ते रान आन् ते तळं पाह्यलं की माणसाचा दमच आत अडकतो, मंग बाहेर यायला येळ लागतो. मी काही मोठी अंमलदार न्हाई. चौकीवर दोन वर्सं झडतीवाली व्हते. झडतीवाली म्हंजे बायामाणसाच्या अंगाची, गाठोड्याची झडती घेणारी. बाईच्या अंगाला जवानानं हात लावायचा न्हाई असा हुकूम, म्हणून चौकीला एक बाई ठेवायचे. माझे मालक त्याच चौकीवर जवान व्हते. ते हिवतापानं गेले तवा लेक पोटात व्हती. बाळंतपण झाल्यावर अमीनसाबानं, म्हंजे ठाण्याच्या मोठ्या साहेबानं, बोलावून इचारलं की झडतीचं काम करशील का. मी तिसरीपर्यंत शिकलेली, मराठी वाचता येतं, लिहिता येतं. हाव म्हणले. आता ती नौकरी सुटली, मी लातूरला भावाकडं राहती. मोठमोठे साहेब आपल्या तपासाच्या गोष्टी लिहितात, माझ्याजवळ एकच हाय, ती मी लिहिती. नाव कुणाचंच घेत न्हाई. ती माणसं अजून तिथंच राहतात.

आधी त्या रानाचं सांगती. शिकारगाह म्हंजे सरकारनं राखलेलं रान. आत कुऱ्हाड न्यायची न्हाई, हरणावर दगड उचलायचा न्हाई, तळ्यात जाळं टाकायचं तर परवाना पाह्यजे. वर्सातून एकदा थंडीत बडे लोक शिकारीला यायचे, बाकी वर्सभर ते रान आपलं आपण नांदायचं. डोंगर म्हणलं की लोकाला उंच वाटतं, हे तसे न्हाईत. बालाघाटाचे ठेंगणे डोंगर, माथ्यावर परातीवानी सपाट. त्यांच्या मधी दोन तळी, थोरलं आन् धाकटं. पाणी गोडं, आन् इतकं निवळ की काठाला उभं राहून खालचे गोटे मोजावेत. माझं माहेर कंधारकडलं, कोरडं गाव, उन्हाळ्यात एका घागरीपायी बायाबायांची तोंडं बंद व्हायची. मी ते थोरलं तळं पयल्यांदा पाह्यलं तवा कितीतरी येळ बांधावर नुसती उभी व्हते. एवढं पाणी, आन् कुणी भांडत न्हाई. डोंगर पाण्यात उलटे, उलट्या डोंगरावर उलटी हरणं. दिवाळी झाली की करकोचे उतरायचे. आभाळातून रांगा यायच्या, दुरून गाडीच्या बैलांच्या घंट्या वाजाव्यात तसा आवाज. कुठून येतात कुणाला मालूम न्हाई. जमादार म्हणायचा, बर्फाच्या डोंगरापल्याडून येतात. मला खोटं वाटायचं, पण त्याईच्याकडं बघितलं की खरं बी वाटायचं.

थोरल्या तळ्याच्या काठाला भोयांची नऊ घरं. साहेब लोकाईला तळ्यापार न्यायचं, पाण्यात पडलेलं पाखरू काढून आणायचं, ह्या कामासाठी त्याईला रानात राहू दिलेलं. त्याईच्याजवळ नाव नव्हती, सांगड व्हती. वाळलेले मोठाले भोपळे चार बाजूला बांधायचे, त्यावर उलटी बाज. माणसानं बाजेच्या मधी मांडी घालून बसायचं, आन् भोई पाण्यातून पोहत ती ढकलत न्यायचा. अट एकच, उठायचं न्हाई.

त्या सकाळी मी चौकीचं अंगण झाडून लेकीला झोळीत टाकायली व्हते तवा शिकारगाहाचा राखणदार आला. तिशीतला माणूस, स्वभावानं वाईट न्हाई. जाता येता माझ्या लेकीसाठी पिकलं सीताफळ ठेवून जायचा. त्या दिवशी अंगावर घोंगडी, हातात खाकी सदरा, आन् खांद्याची कातडी सोललेली. त्यानं रिपोट दिला की काल दिवस मावळताना डोंगराच्या खिंडीत तळ्यावरच्या एका भोयानं मागून येऊन मला दगडानं मारलं, झटापट झाली, सदरा फाटला, आन् सरकारी बंदूक घेऊन तो पळाला. भोयाचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, घर कितवं ते बी सांगितलं.

जमादारानं रोजनामच्यात उर्दूत समदं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. सदरा मुद्देमाल म्हणून गुंडाळायला माझ्याकडं दिला. मागचा घोळ ईतभर फाटून गेलेला, आन् सदरा ओलसर. जमादारानं इचारलं, ओला कामून. राखणदार म्हणला, रक्ताचे डाग पडले व्हते, धुतला. जमादार त्याच्यावर खेकसला की पुरावा धुतोस व्हय रे, धोबी झालास का. मंग सदरा कपड्यात बांधून लाखेचा शिक्का मारला.

सरकारी बंदूक जाणं म्हंजे साधी गोष्ट नव्हती. तिच्यावर नंबर असतो, तो वर हैद्राबादपर्यंत लिहिलेला असतो. अमीनसाबानं नांदेडला कळवलं, तिकडून जबाब आला की मोहतमीमसाब, म्हंजे जिल्ह्याचे बडे पोलीस साहेब, आठ दिवसात येतील. तवर बंदूक गावली न्हाई तर भोयाला नांदेडच्या जेलात पाठवायचं, आन् तळ्यावरची नऊ घरं उठवायची. रानात चोर ठेवायचे न्हाईत. हा हुकूम जमादारानं वस्तीवर जाऊन वाचून दाखवला. कुणी रडलं न्हाई, कुणी हात जोडले न्हाईत, ते पाहून जमादार परत येताना म्हणला की ही माणसं हायत का गोटे.

भोयाला आणून हवालातीत बसवलं. काळा, बारीक, पाण्यानं हातपाय सुरकुतलेले. एक दिवस इचारलं, दोन दिवस इचारलं. त्यानं एकच वाक्य सांगितलं, म्या त्याला मारलं न्हाई. बंदूक कुठं हाय म्हणलं की गप. खिंडीत गेलता का म्हणलं की गप. जमादार म्हणायचा, तोंडात मासा धरलाय का रे, सोड की त्याला. भोई खाली बघायचा. जमादाराला हात चालवायचा व्हता, पण अमीनसाब तसले न्हाईत. ते म्हणायचे, मारून बोलतं केलेलं माणूस कोर्टात मुकं होतं. शेवटी जबानीच्या कागदावर प्रश्नाखाली प्रश्न, आन् समोर एकच उर्दू शब्द लिहिला, खामोश. असे दोन कागद भरले. मला उर्दू येत न्हाई, पण तो एक शब्द बघून बघून वळखू लागले.

तिसऱ्या दिवशी वस्तीची झडती निघाली. अमीनसाब, जमादार, दोन पंच, राखणदाराला बी संगं घेतलं. मी लेक कडेवर घेऊन मागं. भोयाच्या घरी त्याची बायको, माझ्याच वयाची, आन् तिच्या मांडीवर चार महिन्यांची तान्ही. झडतीचं काम कसं असतं ते सांगती. अंबाडा सोडायचा, निऱ्या झटकायच्या, ओटी मोकळी करायची, लेकराचं दुपटं उलगडायचं. आन् हात चालत असताना तिची नजर कुठं हाय ते बघायचं. जिच्याजवळ काही लपलेलं असतं ती तुमच्या हाताकडं बघती. जिच्याजवळ काही नसतं ती तोंडाकडं बघती, की ही बया आता काय म्हणती. ही कुठंच बघत नव्हती. दारातून तळ्याकडं बघायली व्हती. तिच्या अंगाशी काही गावलं न्हाई. घरात कोरडे मासे, भोपळे, दोन जाळी. चूल बी उकरली. काही न्हाई.

मी हात धुवायला तळ्याच्या बांधावर गेले. तिथं जुनं उंबर हाय, त्याच्या बुडाला सात शेंदरी तांदळे, म्हंजे शेंदूर फासलेले देवाचे गोटे. साती आसरा. पाण्याच्या देवता. आमच्या माहेरच्या विहिरीवर बी हायत, मी लहानपणापासून भिऊन असती. दुपारची विहिरीवर गेले की आई म्हणायची, पोरी, तिथं केस सोडू नको. मी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आन् वर पाह्यलं. उंबराच्या फांदीला चिंध्या बांधलेल्या, लुगड्याच्या, धोतराच्या, समद्या जुन्या, उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. आन् एक नवी. खाकी.

तो सदरा म्या माझ्या हातानं बांधला व्हता, त्याची फाटलेली बाजू मला डोळे मिटून दिसत व्हती.

तुमाला ही रीत मालूम नसंल तर सांगते, न्हाई तर पुढचं कळणार न्हाई. आसरांच्या पाण्यात कुणी बुडायला लागला आन् वाचला, तर त्याच्या अंगावरच्या कपड्याची चिंधी काढून त्याच्या नावानं तिथं बांधतात. म्हंजे बाईंनो, तुमी सोडलात, आता परत मागू नका. ही चिंधी त्या माणसानं बांधायची, न्हाई तर त्याला वाचवणाऱ्याच्या घरच्यानं. आन् त्या येळी त्याच्याजवळचं जे पाण्यात गेलं ते आसरांचं झालं. सोनं असो का लोटा असो. त्याचं नाव पाणी उतरेपर्यंत जिभेवर घ्यायचं न्हाई. जो सांगंल त्याच्या घरातलं धाकटं लेकरू त्या नेतात.

मी तिथंच उकिडवी बसले. समदं माझ्या डोक्यात एकदम आलं. खिंड न्हाई, झटापट न्हाई. राखणदार तळ्यात पडला व्हता. भोयानं त्याला सदऱ्याला धरून ओढून काढला, तवा सदरा फाटला. आन् भोयाच्या बायकोनं त्या राखणदारासाठी, पुढं नवऱ्याला जेलात घालायला निघालेल्या माणसासाठी, आसरांपुढं चिंधी बांधून पदर पसरला. आन् आता नवरा बायको दोघं गप हायत, ते मांडीवरच्या चार महिन्यांच्या जिवासाठी.

पण ही गोष्ट अमीनसाबाला सांगायची कशी. नुसती चिंधी दाखवली तर जमादार म्हणणार, बघा, झटापटीत फाटलेला तुकडा ह्यांच्याच देवापाशी गावला, आणखी काय पुरावा पाह्यजे. चिंधीनं तो सुटणार न्हाई, अडकणारच. बंदूक तळ्यात हाय असं कुणीतरी तोंडानं म्हणायला पाह्यजे. आन् जो म्हणंल त्याचं धाकटं लेकरू. माझं तर थोरलं बी तेच आन् धाकटं बी तेच. नवरा गेलेला. कडेवरचं हे नऊ महिन्यांचं एवढंच काय ते माझं ह्या दुनियेत.

खरं सांगती, मी उठले ते परत जाऊन गप बसायचं ठरवूनच उठले. मला कुणी इचारलं नव्हतं. झडतीवालीनं झडती घ्यायची, बाकी साहेब बघतील.

घरापाशी आले तर भोयाची बायको तान्हीला पाजायली व्हती. बाकी लोक मागच्या अंगाला जमीन खणायले व्हते. तिनं माझ्याकडं पाह्यलं आन् तिला कळलं की म्या उंबर पाह्यलं. तिनं लेकीला असं धरलं, असं छातीशी आवळलं, की तान्ही दूध सोडून रडायला लागली. तशी घाबरलेली बाई म्या झडतीत बी कधी पाह्यली न्हाई. मला वाटलं, मी आरशात बघायले.

मंग माझ्या तोंडून निघालं, माझं मलाच मालूम न्हाई कसं. म्या म्हणलं, "माय, मी तुला काहीच इचारणार न्हाई. तू मान बी हलवू नको. जे सांगायचं ते मी सांगती. लागंल ते मला लागू दे."

ती माझ्याकडं बघतच राह्यली. मंग कडेवरच्या माझ्या लेकीकडं पाह्यलं. मी मागं वळून पाह्यलं न्हाई, पाह्यलं असतं तर पाय उचलला नसता.

अमीनसाब घामेजून बाजेवर टेकले व्हते. मी त्याईच्या पुढं उभी राहून सांगितलं की साहेब, बंदूक तळ्यात हाय. आन् एवढं म्हणल्यावर मला काही ऐकूच येईना, नुसती कानात घंटी. जमादार हसला. म्हणला, झडतीवालीच्या अंगात आलं वाटतं. मी चिंधीचं सांगितलं. तो लगेच उठला की हाच तर पुरावा, बाईनं काम केलं, शाबास. जे भ्याले व्हते तेच झालं.

अमीनसाबानं हात वर करून त्याला बसवलं आन् मला म्हणले, "सांग. चिंधी भोयाच्या इरोधात जाती, तू त्याच्या बाजूनं बोलायलीस. कसं?"

म्या म्हणलं, "साहेब, ज्याला दगडानं मारलं त्याच्यासाठी कुणी देवापाशी चिंधी बांधतं का? ही वाचलेल्या माणसासाठी बांधतात. आन् सदरा ओला व्हता. रक्ताचा डाग त्याच्यावर कुठंच नव्हता, म्या घडी घातलीय."

साहेब मुसलमान, लखनौकडचे, त्याईला आसरा काय मालूम. पण त्याईनं पंचातल्या म्हाताऱ्याकडं पाह्यलं. म्हातारा म्हणला, रीत खरी हाय. आन् मंग साहेबानं राखणदाराकडं पाह्यलं. तो उंबराकडं पाठ करून उभा व्हता.

आता बंदूक काढायची कुणी. भोई चौकीत, त्याला आणायला अर्धा दिस जावा. वस्तीतला एक बी गडी पाण्यात उतरायला तयार न्हाई, समदे खाली माना घालून. तवा भोयाची बायको पुढं झाली. तिनं पदर कमरेला खोचला आन् सांगड ओढायला लागली. सांगड जागच्या जागी धरायला वर कुणीतरी बसायला पाह्यजे. साहेबानं जमादाराला बस म्हणलं तर त्यानं सांगितलं की हुजूर, मला पोहता येत न्हाई. मला बी येत नव्हतं. पण सांगितलं म्या, मंग बसायला बी मीच.

पाण्यात उतरायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. माझ्याकडं आली, काही न इचारता माझी लेक माझ्या कडेवरून घेतली, उंबराखाली त्या सात तांदळ्यांपुढं मांडी घालून बसली, आन् तिला आपल्या अंगावर पाजलं. माझी लेक बी अशी, परकी बाई म्हणून रडायची सोडून मटामटा प्यायली. लेकीचं पोट भरल्यावर भोयाची बायको पयल्यांदा माझ्याशी बोलली.

"आता ही माझी बी झाली. तुझी धाकटी ती माझी थोरली. आसरांनी न्यायची म्हणली तर कुणाची नेणार? बसू दे त्याईला हिशेब करत."

आन् उठून तिनं दोन्ही पोरी वस्तीतल्या एका म्हातारीच्या मांडीवर दिल्या. मला वाटलं, इतकी अक्कल आमच्या समद्या चौकीत मिळून न्हाई.

सांगडीवर मी मधोमध मांडी घालून बसले, दोन्ही हातानं बाजेच्या दोऱ्या घट्ट धरलेल्या. ती पाण्यात, एका हातानं ढकलत. काठ मागं गेला. आवाज मागं गेले. मला तुमाला सांगता येणार न्हाई, पण प्रयत्न करती. खाली आभाळ व्हतं. वर बी आभाळ, खाली बी आभाळ, आन् मधी मी एका बाजेवर. डोंगर चारी बाजूनं, काठावरनं ठेंगणे दिसायचे, पाण्यातून बघितलं की त्याईचं उलटं रूप बी धरून दुप्पट. उन्हात कुसळी गवत पिवळं झालेलं, ते पाण्यात सोन्यावानी हालायलं. मला भ्यायचं सुधरंना. भीती व्हती, पण ती कुठंतरी काठावर राह्यली व्हती.

बांधापासून शंभरेक हातावर तिनं सांगड थांबवली. तिथं खाली जुना खडक हाय, दोन पुरुष पाणी. तिनं हळद कुंकू पाण्यात सोडलं, काहीतरी पुटपुटली, श्वास घेतला आन् गेली. पाण्यावर नुसतं गोल गोल. किती येळ, किती येळ. वर आली, हात रिकामे. परत गेली. परत रिकामे. नुकती चार महिन्यांची बाळंतीण ती, तिच्या ओठाचा रंग गेलेला. म्या म्हणलं, बस कर माय. तिनं मान हलवली आन् थोडा दम घेत माझ्या पायापाशी बाजेला धरून राह्यली.

आन् तवा पल्याडच्या काठावरून करकोचे उठले. एक न्हाई, दोन न्हाई. समदा काठच उठला. आधी तो आवाज आला, आन् मंग आमच्या डोक्यावरून ते जायला लागले, इतके खाली की पंखाचं वारं लागावं, पोट राखाडी, मान काळी, एकामागं एक, सरतच न्हाईत. पाण्यातून बी तेवढेच चालले व्हते. मी तोंड वर करून बघायले, आन् माझं अंग आपोआप उचललं. माझं मला कळलं न्हाई. एक गुडघा टेकलेला, दुसरा पाय वर. सांगड कलली. तिनं माझ्या घोट्याला असं धरलं की तिची नखं रुतली.

"बसून बघ, बाई," ती म्हणली. "तो बी असाच उठला व्हता."

एवढंच. तिच्या तोंडून त्या गोष्टीचा तेवढाच एक शब्द निघाला, आन् मंग तिनंच जीभ चावली.

तिसऱ्या बुडीत तिनं बंदूक आणली. पट्ट्याला शेवाळ, नळीतून पाणी. ती बाजेवर माझ्या मांडीवर ठेवली, तर लोखंड इतकं गार की म्या दचकले. आमी काठाला लागायच्या आधीच राखणदार खाली बसला आन् दोन्ही हातात डोकं धरलं.

तिथल्या तिथं उंबराखाली पंचनामा झाला. नंबर जुळला. उंबराची चिंधी मातर साहेबानं सोडू दिली न्हाई. चौकीतून सदरा मागवला, तो दिस कलताना आला, म्हाताऱ्या पंचानं त्याची फाटकी बाजू फांदीपर्यंत उचलून धरली, चिंधीला लावली, बरोबर बसली. आन् राखणदाराची दुसरी जबानी झाली. त्याला धाकट्या तळ्याची फेरी मारायची व्हती, डोंगराला वळसा घालायचा कंटाळा आला, म्हणून सांगडीवर बसला. बंदूक पाण्यावर न्यायची न्हाई असा कायदा, तो मोडला. मधी करकोचे उठले. तो म्हणला, "साहेब, नऊ वर्सं त्या रानात हाय, पण पाण्यातून कधी पाह्यलं नव्हतं. बसून कसं बघावं? उभा राह्यलो." सांगड पलटली, खांदा खडकावर घासला, बंदूक गेली. भोयानं त्याला ओढून काढलं. घरी नेऊन शेकलं. आन् राखणदार रातभर बसून राह्यला की आता नौकरी गेली, लेकरं उघडी पडली. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं तर भोई खरं सांगंल. मंग त्याच्या ध्यानात आलं की तळ्यानं घेतलेल्याबद्दल भोई बोलत न्हाईत. म्हणून त्याचंच नाव घेतलं. ज्याची रीत त्याच्याच गळ्यात.

जमादारानं ते समदं लिहिलं. लिहिताना त्याचा टाक दोनदा अडकला.

भोयाला सोडलं तवा मी चौकीत व्हते. अमीनसाब त्याला म्हणले, तुझ्यावर खोटा आळ आला, तुला काही बोलायचं का. मंग त्यानं इचारलं की राखणदार लई येळ पाण्यात व्हता, त्याला हिवताप तर न्हाई ना आला. जमादार उठून बाहेर गेला. राखणदाराची नौकरी गेली, सजा बी झाली, पण वस्ती जागच्या जागी राह्यली. मोहतमीमसाब आले, तळं पाह्यलं, कागद पाह्यले, परत गेले.

दोन वर्सांच्या नौकरीत मी एवढंच शिकले, की गप बसलेल्या माणसाला काय लपवतोस म्हणून इचारू नये. तो कुणासाठी गप हाय ते बघावं. राखणदार आपल्या लेकरांपायी खोटं बोलला, भोई आपल्या लेकरापायी बोलला न्हाई, मी लेकरापायी गप बसणार व्हते. तिघांच्या पोटात भीती तीच. पण तिच्यापायी कोण दुसऱ्याला पुढं ढकलतो आन् कोण आपण पुढं होतो, एवढाच तपास असतो, बाकी समदी कागदं.

धाडसी म्हणून लोक मला नावाजतात, ते खरं न्हाई. ती गोष्ट झाल्यावर माझ्या लेकीला उलीसा ताप आला तरी मी रात रात बसून राह्यले. तीन वर्सं तिला विहिरीजवळ जाऊ दिलं न्हाई. लातूरला बी आडावर गेले की तिचा हात धरून ठेवती.

मागल्या उन्हाळ्यात भोयाच्या बायकोचा निरोप आला की थोरलीला घेऊन ये. थोरली म्हंजे माझी. लेक आता पाच वर्सांची हाय. तळं उतरलं व्हतं, खडक अर्धा बाहेर, पाखरं कवाच गेलेली, पण डोंगर तसेच पाण्यात. भोयाची पोर आमाला बघून पळत आली, माझ्या लेकीचं मनगट धरलं आन् सरळ पाण्याकडं निघाली. माझ्या घशाशी हाक आली. भोयाची बायको माझ्याकडं बघत व्हती. मी हाक गिळली. दोघी घोट्याइतक्या पाण्यात गेल्या, मंग गुडघ्याइतक्या, आन् तिथं उभ्या राहून माझी लेक खाली वाकली, उलट्या डोंगराला तिनं बोट लावलं, तो हालला, आन् ती हसली.